राघू बोलतो तेव्हा

पुण्याहून खडकवासल्याचे पाणी उजव्या हाताला ठेवून, डोणजे, खानापूर ओलांडीत आपण पानशेतकडे निघालो आणि दिवस दिवाळीच्या आगेमागेचे असले, तर दोन्ही अंगांना भाताची खाचरे पिवळी पडलेली दिसतात. आणि मग एकदम डोक्यावरून किरर्र किरर्र असा आवाज करीत हिरव्या पाखरांचा एक थवा जातो. तो थवा खाचरावर उतरला की राखणीला बसलेले पोर रिकामा पत्र्याचा डबा बडवू लागते, म्हातारा गोफण फिरवतो, आणि त्या पाखरांच्या साऱ्या कुळाचा उद्धार होतो. लोंबी तोडायची, चार दाणे खायचे आणि बाकीची खाली टाकून दुसरी धरायची, ही या पाखरांची रीत. शेतकऱ्याला राग येतो तो खाल्ल्याचा नव्हे, नासाडीचा.

पण गंमत अशी की तोच म्हातारा संध्याकाळी घरी आला की ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यापुढे उभा राहून, "काय राघोबा, जेवलात का?" असे विचारताना मी लहानपणी पाहिलेला आहे. शेतात जो चोर, तोच घरात राघोबा. या दुटप्पीपणाला आपल्याकडे निदान दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. आज त्याच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

आधी पाखरांची ओळख करून देतो. पिंजऱ्यात दिसायचा तो बहुधा गळ्याभोवती गुलाबी कंठी असलेला साधा पोपट. यालाच कीर, रावा, राघू म्हणतात. त्याच्यापेक्षा थोराड आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला तो करण पोपट. डोके जांभळट-लाल आणि आवाज जरा गोड, असा तुईया. आणि चौथा, सह्याद्रीच्या दाट रानाबाहेर सहसा न पडणारा निळ्या पंखांचा पोपट. हा तर केवळ आपल्या पश्चिम घाटाचाच रहिवासी. जगात इतरत्र तो रानात सापडत नाही.

यांतला ‘कीर’ हा शब्द फार जुना. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथा सप्तशती’ आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेतला तो ग्रंथ. त्यातल्या एका गाथेत आकाशातून उतरणारी कीरांची रांग आली आहे. आकाशलक्ष्मीच्या गळ्यातून पाचू आणि माणके ओवलेली कंठी निसटून पडावी, तशी ती कवीला दिसली. हिरवी अंगे ते पाचू आणि लाल चोची ती माणके. ही गाथा ज्याने रचली त्याच्या मालकीचे शेत नसावे, असे मला नेहमी वाटते! पण नजर मात्र इथलीच. नाणेघाटाच्या आणि जुन्नरच्या आसपास आजही संध्याकाळी हे दृश्य दिसते.

आपला हा पक्षी परदेशी लोकांनी पहिल्याप्रथम ऐकला तेव्हा ते चक्रावून गेले. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या सुमारास इराणच्या बादशहाच्या दरबारी क्तेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य होता. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, पण इकडची माहिती त्याने लिहून ठेवली. त्यात एका पाखराचे वर्णन आहे. ते माणसासारखे बोलते, हिंदी माणसांची भाषा बोलते आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलते. लाल तोंड, काळी दाढी, निळसर मान असे त्याने दिलेले रूप पाहून काही पंडितांना हा आपला तुईयाच असावा असे वाटते. क्तेसियसाने हिंदुस्थानाविषयी पुष्कळ थापा मारल्या आहेत. ही एक गोष्ट मात्र खरी निघाली, आणि तीच त्या काळी थाप वाटली असेल.

पुढे अॅरिस्टॉटलनेही माणसाच्या जिभेच्या या हिंदी पाखराचा उल्लेख केला आणि वर अशी पुस्ती जोडली की दारू पाजली म्हणजे ते फारच उद्धट होते. शिकंदराबरोबर आलेल्या निआर्कस या आरमारी सरदाराने पोपट म्हणजे मोठे आश्चर्य म्हणून लिहिले. त्यानंतर चारपाचशे वर्षांनी त्याची बखर वाचून आरियन हा इतिहासकार म्हणतो, की मी स्वतः पोपट पुष्कळ पाहिले आहेत, सगळ्यांनाच ते माहीत आहेत, तेव्हा त्यांचे वर्णन मी करीत बसत नाही. म्हणजे तेवढ्या काळात आपला राघू रोमन साम्राज्यात घरोघर जाऊन पोचला होता. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने तर शिकवण्याची तऱ्हाही दिली आहे. पोपटाचे डोके चोचीइतकेच टणक असते, म्हणून धडा देताना त्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारावे, एरवी त्याला लागत नाही! छडी लागे छमछम हा सिद्धांत इतक्या टोकाला आपल्या पंतोजींनीही नेला नसेल.

आपल्याकडे ही विद्या जरा अधिक रसिकतेने चालत असे. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत पोपटाला आणि मैनेला बोलायला शिकवणे ही एक स्वतंत्र कला आहे. शंकराचार्य मंडनमिश्रांचे घर विचारीत आले, तेव्हा पाणी भरणाऱ्या बायकांनी खूण सांगितली म्हणतात, की ज्या दारात पिंजऱ्यातले पोपट ज्ञानाच्या प्रामाण्यावर वाद घालीत असतील ते मंडनाचे घर. ही आख्यायिका आहे हे उघडच आहे, पण पोपटपंचीचा इतका उच्च दर्जाचा मासला दुसरा नाही. अमरू कवीचा पोपट अधिक ओळखीचा वाटतो. रात्री नवराबायकोत झालेले बोलणे तो सकाळी सासूसासऱ्यांसमोर जसेच्या तसे बोलू लागतो. बिचारी सून लाजून चूर होते आणि डाळिंबाचा दाणा भरवल्याचे मिष करून कानातले माणीक त्याच्या चोचीत कोंबते. पोपट घरात असला म्हणजे घरातले काही घरात राहत नाही, हा धसका असा जुना आहे.

तो धसका अजूनही गेलेला नाही. २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे एका वृद्ध बाईंनी पोलिसांत तक्रार केली, की नात्यातल्या माणसाने पढवलेला पोपट आपल्याला येताजाता शिव्या देतो. पोलिसांनी रीतसर सगळ्यांना बोलावले आणि पोपटालाही आणवले. ठाण्यात फिर्यादी बाई समोर उभ्या केल्या. पोपट एक अक्षर बोलला नाही! शेवटी त्याला वनखात्याच्या हवाली करण्यात आले. आणि २०२२ साली खुद्द पुण्यात, शिवाजीनगर भागातल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याचा पोपट ओरडून ओरडून जीव नकोसा करतो म्हणून खडकी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली. अमरूच्या सुनेला निदान पोलिसांत जावे लागले नाही.

पोपटाने गोष्ट सांगायची, ही कल्पनाही आपलीच. ‘शुकसप्तती’त नवरा परगावी गेलेल्या बाईला पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगतो आणि तिचे पाऊल घराबाहेर पडू देत नाही. चौदाव्या शतकात नख्शबीने फारसीत ‘तूतीनामा’ रचला तो याच गोष्टींवरून, आणि पुढे अकबराने त्याच्या सचित्र प्रती करवून घेतल्या. मराठीत ही कथा ‘शुकबहात्तरी’ या नावाने लोकांच्या तोंडी राहिली. १८९७ साली श्मिट नावाच्या जर्मन पंडिताने जुना मराठी अनुवाद लाइपझिग येथे छापून काढला, जर्मन भाषांतरासह. आपण मात्र ती पोथी बायकापोरांच्या हाती पडू नये म्हणून माळ्यावर टाकली असेल.

पण या साऱ्या पोपटांत माझ्या मनात घर करून राहिला आहे तो बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तला वैशंपायन. सातव्या शतकातला हा ग्रंथ. एक चांडाळकन्या शूद्रक राजाच्या दरबारात पिंजरा घेऊन येते, पोपट उजवा पाय उचलून राजाला आशीर्वाद देतो, आणि मग स्वतःची हकिकत सांगू लागतो. इथवर चमत्कार आहे. पुढची हकिकत मात्र डोळ्यांनी पाहिल्यासारखी आहे. शेवरीचे जुने झाड, त्याच्या ढोल्यांत पोपटांची शेकडो घरटी. शबरांची टोळी निघून जाते, पण एक म्हातारा शिकारी मागे राहतो. तो झाडावर चढतो, एकेका ढोलीत हात घालून पिल्ले ओढून काढतो आणि माना मुरगळून खाली टाकतो. वैशंपायनाचा म्हातारा बाप त्याला पंखाखाली झाकून धरतो. बाप मारला जातो, पिल्लू त्याच्या छातीशी चिकटलेले तसेच पाचोळ्यावर पडते आणि वाचते. राजसभेत बसलेल्या मंडळींना, आणि आपल्यालाही, बाणाने हे त्या पिल्लाच्या तोंडून ऐकवले आहे. पिंजऱ्यातला प्रत्येक पोपट कुठल्या तरी ढोलीतून आलेला असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो म्हणून सांगितले.

मोठा पोपट पकडण्याची रीत वेगळी होती. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिचा दाखला आहे. दोरीत एक पोकळ नळी ओवून टांगायची. पोपट येऊन नळीवर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते आणि पाखरू उलटे लोंबकळते. नळी सोडली तर उडून जाता येईल, पण आपण बांधलो गेलो असे वाटून ते ती अधिकच घट्ट धरते. ज्ञानदेवांना यातून अहंकाराविषयी बोलायचे आहे, ते आपण कीर्तनात ऐकतोच. मला इतिहासाच्या दृष्टीने यात दिसते ते हे, की तेराव्या शतकातल्या श्रोत्याला नळिका कशी फिरते हे समजावून सांगावे लागत नव्हते. त्याने पारध्याला तसे करताना पाहिलेले होते.

आणि संतांनीच या पाखराला घरात मानाची जागाही मिळवून दिली. पोपटाला देवाचे नाव शिकवता शिकवता उद्धरून गेलेल्या गणिकेची कथा कीर्तनकारांनी गावोगाव नेली. पोपटाने नाव घेतले तर ते ऐकणाऱ्याच्या पदरी पुण्य! मग राघव म्हणवता म्हणवता तो राघू झाला असे लोक सांगतात, आणि पंढरीच्या वाटेवरच्या घरांत तो विठू झाला. शिकवण्याच्या तऱ्हाही घरोघरच्या. तिन्हीसांजेला पिंजऱ्यावर फडके टाकायचे आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा. काही जण आरशामागे लपून बोलत, म्हणजे आरशातला भाऊबंदच बोलतो आहे असे त्याला वाटावे. खायला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची. मिरचीने जीभ पातळ होते असा समज होता. तसे काही नाही. मिरचीचा तिखटपणा पाखरांना मुळी लागतच नाही, म्हणून ती मजेत खातात, इतकेच.

आता खरा प्रश्न. बोलतो म्हणजे त्याला कळते का? आपल्या भाषेने याचा निकाल केव्हाच देऊन टाकला आहे. अर्थ न समजता घोकणे म्हणजे पोपटपंची. रवींद्रनाथांनी १९१८ साली पोपटाच्या शिक्षणावर एक गोष्ट लिहिली, तिच्यात पंडित लोक पोपटाच्या घशात पोथ्यांची पाने कोंबून कोंबून त्याला मारतात. टीका शाळांवर होती, पोपटावर नव्हे. पण पोपटाची अब्रू जायची ती गेलीच.

ती परत मिळवून दिली एका आफ्रिकन करड्या पोपटाने. १९७७ साली आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन बाईंनी शिकागोच्या एका दुकानातून सुमारे वर्षाचा एक पोपट विकत घेतला. त्याचे नाव अॅलेक्स. त्याला शिकवण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. पोपटाला घोकायला लावायचे नाही. त्याच्यासमोर दोन माणसांनी बसायचे. एकाने वस्तू दाखवून विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे आणि बरोबर आले तर ती वस्तू मिळवायची. पोपट बघत बसतो आणि चुरशीने मध्ये तोंड घालतो. आपल्याकडे भावंडांच्या मागे बसून धाकटे पोर पाढे शिकते, तसेच. या रीतीने अॅलेक्स पन्नासएक वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंत मोजणी शिकला. दोन वस्तू पुढे ठेवून "यांत वेगळे काय?" असे विचारले तर रंग, आकार किंवा पदार्थ असे नेमके सांगे, आणि काहीच वेगळे नसेल तर ‘काही नाही’ हेही सांगे. ज्या वस्तू त्याने आधी कधी पाहिल्या नव्हत्या त्यांच्याविषयीही सांगे, म्हणजे पाठांतराची शंका उरत नाही. तीस वर्षे हे काम चालले. २००७ साली अॅलेक्स वारला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले.

मेंदू एवढासा आणि अक्कल एवढी कशी, याचेही उत्तर थोडे हाती आले आहे. पोपटाच्या पुढच्या मेंदूत मज्जापेशी फार दाटीने भरलेल्या असतात, असे २०१६ च्या एका मोजणीत दिसून आले. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मेंदूपेक्षा त्या कितीतरी जास्त भरतात. आकारावरून अक्कल मोजू नये, हे आपल्या आयांना ठाऊक होतेच.

पण मुळात तो माणसाची नक्कल करतो कशासाठी? रानातला पोपट ना विठू म्हणतो, ना मिठू. व्हेनेझुएलातल्या अगदी लहान जातीच्या पोपटांवर काही वर्षांपूर्वी अभ्यास झाला. तिथे असे आढळले की घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला आईबाप एक वेगळी हाक देतात, ते पिल्लू ती उचलते, आणि पुढे जन्मभर तीच त्याची ओळख. एका घरट्यातली अंडी दुसऱ्यात ठेवून पाहिली, तर पिल्लांनी पाळणाऱ्या आईबापांचीच हाक उचलली. म्हणजे बारसेच म्हणा ना! थव्यात राहायचे तर दुसऱ्याची हाक ऐकून ती आपल्या गळ्यातून काढता आली पाहिजे. त्यावरच सोबत टिकते. आता अशा पाखराला पिसे फुटायच्या आत ढोलीतून काढून माणसांत आणले, तर त्याला दुसरा थवा कुठला? घरातली माणसे हाच त्याचा थवा. ती जे ओरडतात ते तो ओरडतो. आपल्याला वाटते, आपण त्याला शिकवले. तो बिचारा आपल्यात सामील व्हायला बघत असतो.

म्हणूनच एकटा ठेवलेला पोपट आपलीच पिसे उपटू लागतो, दांडीवर तासन्‌तास डोलत राहतो. आपण म्हणतो, नाचतो आहे. आणि तो पंचवीस-तीस वर्षे सहज जगतो, तेव्हा हे डोलणेही तितके लांबते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९०-९१ पासूनच्या व्यापारबंदीने आपला कुठलाही देशी पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तरी बाजारात चोरून पिल्ले येतातच. बाणभट्टाचा म्हातारा शबर अजून झाडावर चढतो आहे, कारण खाली पिंजरा घेऊन कोणी तरी उभे आहे.

हे सगळे मी शहाणपणाने सांगतो आहे खरे. पण पोपटाची सोबत म्हणजे काय हे मी शिकलो ते माझ्या मावशीच्या ओसरीवर, आणि तिथे पिंजरा होता.

मावशीचे घर आंबी नदीच्या काठी, आता पानशेतचे पाणी आहे त्याच्या बुडाशी. धरणाचे काम निघाले आणि गावे उठली. बैलगाडीत कणग्या, जाते, देव्हारा असे सामान चढले, आणि पिंजरा मावशीने मांडीवर घेतला. पुढे १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासलाही फुटले आणि पुण्यात काय हाहाकार झाला तो सर्वांना ठाऊक आहे. मावशी तेव्हा नव्या गावठाणात, उंचावर होती. ज्या धरणासाठी आपण उठलो ते गेले, आणि उठलेले घर काही परत आले नाही, एवढेच ती म्हणे.

काका रोज तिन्हीसांजेला शेतावरून येत आणि उंबऱ्यातूनच ओरडत, "अगं, कंदील लाव की!" राघूने ते कधी उचलले कोणाला कळले नाही. मुद्दाम कोणी शिकवले नव्हते. काकांचा घोगरा आवाज, ‘की’वरचा हेल, सगळे तसेच. पुढे काका गेले. राघू मात्र अंधार पडू लागला की काकांच्या आवाजात, "अगं, कंदील लाव की!" म्हणून हाक देई. पहिल्या दिवसांत शेजारणी म्हणाल्या, देऊन टाक बाई तो पिंजरा कोणाला, ऐकवत नाही. मावशीने दिला नाही.

मी तेव्हा शाळेत होतो, नवे नवे शिकत होतो. तिला म्हटले, "मावशे, त्याला काही अर्थ कळत नाही गं, नुसता आवाज काढतो तो." ती भात पाखडीत होती. "बरं," म्हणाली. आणि मग म्हणाली, "तू आज कंदील लावू नको. बघ काय करतो ते."

आम्ही अंधारात बसून राहिलो. राघूने एकदा हाक दिली. मग पुन्हा. मग दांडीवर इकडून तिकडे येरझारा घालीत तो ओरडतच राहिला. मावशीने उठून काडी ओढली, काच पुसून बसवली, कंदील खुंटीला अडकवला. त्याबरोबर तो गप्प झाला, मान पिसांत घातली आणि डोळे मिटले.

काही वर्षांनी त्या गावठाणात वीज आली. पहिल्या दिवशी पोरांनी बटण दाबून दिवा लावला तेव्हा ओसरी लख्ख उजळली. राघूने दिव्याकडे एक डोळा करून पाहिले आणि काकांच्या आवाजात हाक दिली. दिवा जळतच होता, तो हाका देत राहिला. मग मावशी आत गेली आणि कंदील घेऊन आली. राघू होता तोवर ती रेशनच्या रांगेत रॉकेलला उभी राहत असे. दुकानदार विचारी, "आता वीज आली की आजी, रॉकेल कशाला?" ती म्हणे, "आमच्या घरी लागतं."